पावसाची वही, तापाची वही: आपल्या वस्तीचं आरोग्य आकड्यांतून कसं वाचायचं

काही वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात आम्ही कुर्ल्यातल्या एका चाळवस्तीच्या दोन वह्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकीत रोजचा पाऊस, दुसरीत कोपऱ्यावरच्या दवाखान्यात सापडलेले डेंग्यूचे रुग्ण. आलेख काढला तर दोन रेषांचा एकमेकींशी काडीचाही मेळ बसेना. पाऊस धो धो कोसळत होता तेव्हा रुग्ण मोजकेच, आणि पाऊस ओसरला तसे रुग्ण वाढलेले. माझे विद्यार्थी हिरमुसले. तेव्हा वस्तीतल्या आरोग्यसेविका ताई म्हणाल्या, "अहो मॅडम, डासाला मोठं व्हायला वेळ नको का?" आम्ही रुग्णांची रेषा तीन-चार आठवडे मागे सरकवली आणि चढउतार जुळायला लागले.

मी सांख्यिकी शिकवते, पण हा धडा मला पुस्तकातून मिळाला नव्हता. माणसाच्या आजाराचं वेळापत्रक डास, उंदीर, भरती आणि वारा ठरवतात. त्यांचं घड्याळ ठाऊक नसेल तर लाखो नोंदी हाताशी असूनही काही दिसत नाही. ते ठाऊक असेल तर एका चाळीचा तक्तासुद्धा बोलायला लागतो.

मुंबईत आकड्यांचा तुटवडा नाही. पालिकेची स्वयंचलित पर्जन्यमापकं आहेत, हवामान खात्याच्या कुलाबा आणि सांताक्रूझच्या वेधशाळा आहेत, हवा मोजणारी केंद्रं, रुग्णालयांचे साप्ताहिक अहवाल, उपग्रहांची चित्रं, पक्षीनिरीक्षकांच्या फोनमधल्या नोंदी आहेत. अडचण एवढीच की प्रत्येक आकडा आपापल्या खात्यात बसून असतो. ते एकत्र आणायचं काम सोसायटी, एएलएम (पालिकेशी जोडलेला रहिवाशांचा गट), महाविद्यालयाचा एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) गट किंवा एखादा फॅमिली डॉक्टर करू शकतो. एक लॅपटॉप, एक स्प्रेडशीट आणि एका पावसाळ्याचा धीर पुरतो.

आधी प्रश्न एकच ठरवा

"आमच्या भागातलं आरोग्य सुधारायचं आहे" हा प्रश्न नव्हे. "आमच्या चार गल्ल्यांत डेंग्यूच्या डासाची पैदास नेमकी कोणत्या भांड्यांत होते?" हा प्रश्न आहे. "नाल्याकाठच्या गल्लीत पाणी तुंबल्यावर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण किती दिवसांनी दिसतात?" हाही आहे. प्रश्नात जागा हवी, काळ हवा, आणि उत्तर मिळाल्यावर कोण काय करणार हेही हवं. शेवटची अट मी कधीच सोडत नाही. ज्या उत्तरावर कुणी काही करणार नाही, त्यासाठी लोकांच्या दारात जाऊन त्यांचा वेळ घेऊ नये.

आकडे कुठून आणायचे

पावसापासून सुरुवात करा, कारण तो सर्वांत सहज मिळतो. पण शहराचा सरासरी पाऊस घेऊ नका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच दिवशी कुलाब्यात ७५ मिमीसुद्धा झाला नाही. या दोघांची सरासरी काढून कुर्ल्याबद्दल काय कळणार? आपल्या सर्वांत जवळचं पर्जन्यमापक शोधा आणि वर्षभर तेच धरून ठेवा. एक बारकावा लक्षात ठेवा. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे पाचला तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी साचलं असेल, तर तो पाऊस आदल्या सकाळपासून मोजल्या जाणाऱ्या दिवसात पडतो.

पावसाशेजारी भरतीचा स्तंभ हवाच. मुंबईच्या पर्जन्यजल वाहिन्या १८६ ठिकाणी समुद्राला किंवा खाडीला मिळतात. त्यांतली ४५ मुखं सरासरी समुद्रपातळीच्याही खाली, १३५ भरतीच्या पातळीखाली, आणि भरतीपेक्षा उंच फक्त ६. म्हणजे ओहोटीला पडलेला ८० मिमी पाऊस आणि साडेचार मीटरच्या भरतीत पडलेला ८० मिमी पाऊस हे वस्तीच्या दृष्टीने दोन वेगळे पाऊस आहेत. भरतीचं वेळापत्रक वर्षभर आधी मिळतं. वेळ आणि उंची असे दोन रकाने भरून ठेवा.

रुग्णांचे आकडे मिळवायला चिकाटी लागते. पालिकेचा सार्वजनिक आरोग्य विभाग पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो, गॅस्ट्रो, कावीळ यांचे आकडे जाहीर करतो, पण ते बहुधा अख्ख्या शहराचे असतात. वॉर्डनिहाय आकड्यांसाठी वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. गरज पडली तर माहितीचा अधिकार आहे, शुल्क १० रुपये आणि सर्वसाधारण मुदत ३० दिवस. अर्जात "सर्व माहिती द्यावी" असं लिहिलंत तर हाती काही लागणार नाही. "१ जून ते ३१ ऑक्टोबर, आठवडावार, आजारवार, रुग्णसंख्या, नावांशिवाय" असं लिहा. जवळच्या 'आपला दवाखाना' या पालिकेच्या दवाखान्याशी आणि दोन-तीन खासगी डॉक्टरांशी बोलून ठेवा. आठवड्याला तापाचे किती रुग्ण आले, एवढी संख्या बहुतेक जण आनंदाने देतात.

लेप्टोसाठी उंदरांचा स्तंभही लागतो. पालिकेचा कीटकनाशक विभाग उंदीर मारण्याची मोहीम चालवतो, त्याचे आकडे मागा. या शहराला उंदीर मोजण्याचं महत्त्व शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं. १८९६ साली मांडवीत प्लेग उघड झाला, आणि पुढच्या तपासातून दिसलं की आधी उंदीर मरतात, मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. मेलेल्या उंदरांची नोंद हीच माणसांसाठी धोक्याची घंटा होती.

आकड्यांची साफसफाई: इथेच निम्मा वेळ जातो

आमच्या पहिल्या तक्त्यात एकच जागा सहा प्रकारे लिहिली होती: कुर्ला प., कुर्ला पश्चिम, कुर्ला वेस्ट, कुर्ला (प), एल वॉर्ड, आणि एका ठिकाणी नुसतंच "बैलबाजार". संगणकाला या सहा वेगवेगळ्या जागा. तारखांचा गोंधळ त्याहून वाईट. ०७/०८ म्हणजे सात ऑगस्ट की आठ जुलै? फाइल ज्या लॅपटॉपवर उघडली त्याने काही तारखा अमेरिकी पद्धतीने उलटवल्या होत्या आणि ऑगस्टचे रुग्ण जुलैत जाऊन बसले होते. हे ध्यानात यायला आम्हाला दोन आठवडे लागले. तेव्हापासून नियम केला: तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशीच, जागेसाठी आधी ठरवलेली यादी, आणि त्या यादीबाहेरचं एकही नाव भरायचं नाही.

एका ओळीत एकच नोंद ठेवा: तारीख, जागा, काय मोजलं, किती, कुणी मोजलं. पाऊस, ताप, भरती, उंदीर, सगळं याच साच्यात. सुरुवातीला तक्ता लांबलचक वाटतो, पण पुढे पिव्होट टेबल (नोंदी गटागटाने जोडून मांडणारी स्प्रेडशीटमधली सोय) लावलं की हवी ती मांडणी दोन क्लिकमध्ये मिळते. मूळ फाइलला हात लावायचा नाही, तिची प्रत काढून त्यावर काम करायचं. रिकामी जागा आणि शून्य यांत फरक ठेवा. दवाखाना बंद होता म्हणून आकडा नाही, याचा अर्थ रुग्ण शून्य असा होत नाही.

पत्त्याबद्दल एक सावधगिरी. परळचं केईएम, सायन, नायर अशा मोठ्या रुग्णालयांत रुग्ण मुंबईभरातून, कधी कल्याण-कर्जतहून येतात. रुग्णालयाच्या पत्त्यावरून मोजलंत तर परळ हा शहरातला सर्वांत आजारी भाग ठरेल. राहत्या पत्त्याचा भाग विचारा. पिनकोडच्या आणि वॉर्डाच्या हद्दी जुळत नाहीत, म्हणून दोन्ही लिहून ठेवा.

प्रत्येक आजाराचं घड्याळ लावा

साऱ्या खटाटोपाचं सार इथे आहे, म्हणून सावकाश वाचा.

डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत साधारण ७ ते १० दिवस. त्या डासाने बाधित माणसाला चावा घेतला की विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला आणखी ८ ते १२ दिवस. मग तो ज्याला चावेल त्याला ताप यायला ४ ते १० दिवस. बेरीज करा: १९ ते ३२ दिवस. त्यावर डॉक्टरकडे जाऊन तपासणी होईपर्यंतचे दोन-तीन दिवस. म्हणजे आज नोंदवलेल्या डेंग्यूचं मूळ तीन ते पाच आठवड्यांपूर्वीच्या पाण्यात आहे. या आठवड्यात रुग्ण वाढले म्हणून या आठवड्यात धूरफवारणी केली तर उडणारे डास मरतील, पण पिंपातल्या अळ्या तशाच राहतील.

लेप्टोचं घड्याळ वेगळं. उंदरांच्या आणि इतर जनावरांच्या मूत्रातले जिवाणू साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाच्या भेगांतून, जखमांतून शरीरात शिरतात. लक्षणं बहुधा ५ ते १४ दिवसांनी दिसतात. म्हणून लेप्टोची तुलना नुसत्या पावसाशी करू नका, "पाणी तुंबलेल्या दिवसांशी" करा आणि एक-दोन आठवड्यांचं अंतर ठेवा. हे घड्याळ कळलं की उपयोग लगेच होतो. पाणी तुंबलं त्याच दिवशी वस्तीत निरोप फिरवता येतो: पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल, तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा, प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते विचारा. रुग्णालयातला आकडा वाढेपर्यंत थांबलात तर ही संधी गेलेली असते.

गॅस्ट्रोचा काळ तासांचा किंवा मोजक्या दिवसांचा. तिथे पावसापेक्षा पाणी सोडण्याची वेळ, फुटलेली जलवाहिनी, गढूळ पाण्याची तक्रार हे रकाने जास्त कामाचे.

स्प्रेडशीटमध्ये हे करायला अवघड नाही. आठवडावार बेरीज काढा. रुग्णांच्या रकान्याशेजारी पावसाचा रकाना एक आठवडा सरकवून ठेवा, मग दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक जोडीचा सहसंबंध, म्हणजे दोन रकाने किती सोबतीने चढतात-उतरतात ते सांगणारा आकडा, काढा. सर्वांत मोठा आकडा ज्या अंतरावर येतो ते अंतर आजाराच्या जीवशास्त्राशी जुळतं का, ते पाहा. नऊ आठवड्यांवर डेंग्यू उत्तम जुळला तर आनंद मानू नका. तो योगायोग असण्याचीच शक्यता जास्त. एका पावसाळ्यात जेमतेम वीस आठवडे मिळतात, त्यावरून ठाम काही बोलू नये. तीन पावसाळे साठू द्या.

नुसत्या मोठ्या आकड्यांवर विसंबलं की काय होतं ते जगाने पाहिलं आहे. गूगलने २००८ साली लोकांच्या शोधांवरून फ्लूची साथ ओळखणारी सेवा सुरू केली. २०१२-१३च्या हिवाळ्यात तिचा अंदाज डॉक्टरांकडच्या प्रत्यक्ष नोंदींच्या दुपटीवर गेला आणि २०१५मध्ये ती बंद पडली. शोध अब्जावधी होते, पण माणूस आजारी पडला म्हणून शोधतो की बातमी ऐकून, हे त्यातून कळत नव्हतं.

स्वतः मोजा: पिंप, ट्रे, ताडपत्री

सरकारी आकडे साथ कुठे आहे ते सांगतात, का आहे ते सांगत नाहीत. त्यासाठी दारोदार जावं लागतं. साठ घरं पुरेशी. टॉर्च, पांढरी वाटी, कागद घ्या, आणि शक्य असेल तर आरोग्यसेविका ताईंना सोबत न्या. त्या असल्या की दार उघडतं.

समजा ६० घरं पाहिली, ९ घरांत अळ्या मिळाल्या आणि अळ्या असलेली भांडी १४ निघाली. घर निर्देशांक म्हणजे ९ भागिले ६० गुणिले १००, म्हणजे १५. ब्रेटो निर्देशांक म्हणजे दर शंभर घरांमागे अळ्या असलेली भांडी, म्हणजे सुमारे २३. हे दोन आकडे कीटकनाशक विभागाला चटकन समजतात, कारण तेही हीच भाषा बोलतात.

माझ्या मते मात्र खरा खजिना भांड्यांच्या प्रकारात असतो. आमच्या वस्तीत पाणी ठरावीक वेळीच येतं, म्हणून प्रत्येक घरात निळं पिंप. पिंप रिकामं होतं, पण बुडाशी चार बोटं पाणी राहतंच आणि त्यावरच नवं पाणी भरलं जातं. वाटीत ते तळाचं पाणी घेतलं की टॉर्चच्या उजेडात अळ्या वळवळताना दिसतात. एका मावशींना मी वाटी दाखवली. त्या म्हणाल्या, "मी तर रोज झाकण लावते गं." झाकण होतंच, पण काठाला तडा गेला होता आणि करंगळी जाईल एवढी फट. त्या दिवसापासून आमच्या तक्त्यात "झाकण आहे का" याऐवजी "झाकण घट्ट बसतं का" असा रकाना आला. फ्रिजमागचा ट्रे, छपरावरच्या ताडपत्रीची घडी, कुंडीखालची बशी, बांधकामाच्या तळमजल्यावर साचलेलं पाणी, हे सगळं वेगवेगळं लिहा. गच्चीवरच्या टाक्या तर नक्कीच पाहा. शहरी मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी टाक्या-विहिरींत वाढतो, आणि १९११मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियावर जो अहवाल दिला त्यात विहिरींवरच बोट ठेवलं होतं.

हवेच्या बाबतीत थोडक्यात

एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचा आकडा) हा निर्देशांक आहे, प्रदूषणाचं प्रमाण नव्हे. पीएम २.५चं, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचं, २४ तासांचं प्रमाण घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम असलं तर एक्यूआय १०० येतो आणि शेरा "समाधानकारक" मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची शिफारस १५ची आहे, म्हणजे चौपट फरक. तेव्हा नोंदीत मूळ प्रमाण घ्या. स्वस्त सेन्सर लावणार असाल तर लक्षात ठेवा, दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि सेन्सर जास्त आकडा दाखवतो; मुंबईत हे रोजचंच. आधी दोन आठवडे तो अधिकृत केंद्राशेजारी ठेवून फरक किती पडतो ते लिहून घ्या.

खाडी, पक्षी, बिबट्या

निसर्गाच्या नोंदी याच तक्त्यात ठेवा. वेगळी फाइल केलीत की ती विसरली जाते. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी, तेवढीच मिनिटं उभे राहून पक्षी मोजा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पूर्ण यादी टाका. खारफुटीसाठी सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं मोफत मिळतात, १० मीटरपर्यंतच्या बारकाईची, दर पाच दिवसांनी. पावसाळ्यात ढग आड येतात, म्हणून ऑक्टोबर ते मे हा काळ धरा. तुंबलेलं पाणी ढगांतून पाहायचं तर सेंटिनेल-१चं रडार आहे.

अर्थ लावताना मात्र घाई नको. ठाणे खाडीत फ्लेमिंगो आले म्हणजे खाडी स्वच्छ झाली, असं अनेकांना वाटतं. ही खाडी २०१५पासून अभयारण्य आणि २०२२पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, तिचा मला अभिमान आहे. पण छोट्या फ्लेमिंगोचं खाद्य म्हणजे नीलहरित शेवाळ, आणि सांडपाण्यातल्या पोषक द्रव्यांवर ते फोफावतं, असं अभ्यासक सांगतात. पक्ष्यांची संख्या आणि पाण्यातला प्राणवायू शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

वेगवेगळ्या वह्या जोडल्या की काय दिसतं याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण बोरिवलीचं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातल्या सुमारे ३५ बिबट्यांची गणना, त्यांच्या आहारातलं भटक्या कुत्र्यांचं प्रमाण आणि कुत्राचाव्यांचे आकडे संशोधकांनी एकत्र मांडले. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज असा की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खातात आणि त्यामुळे साधारण १,००० चावे व रेबीजची शक्यता असलेले ९० प्रसंग टळतात. वन खात्याच्या वहीत बिबट्या होता आणि आरोग्य खात्याच्या वहीत कुत्राचावा. जोडेपर्यंत दोघांचं नातं कुणाला दिसलं नव्हतं.

फसवे चढउतार

आकडा वाढला की आधी विचारा, मोजणारे वाढले का? अहवाल देणारे दवाखाने वाढले की डेंग्यू वाढल्यासारखा दिसतो. पक्षीगणनेच्या आठवड्यात निरीक्षक वाढतात आणि पक्षी "वाढतात". म्हणून किती दवाखान्यांनी आकडे दिले, किती मिनिटं निरीक्षण झालं, हा रकाना कायम ठेवा आणि त्याने भागा. तसंच, दोनशे लोकांच्या गल्लीत दोन रुग्ण आणि मागच्या वर्षी एक, यावरून "दुपटीने वाढ" असं लिहू नका.

नावं गाळा, माणसं सांभाळा

चाळीत खोली क्रमांक म्हणजे नावच. तक्त्यात नाव, फोन, खोली काही नको. गल्ली आणि वयोगट पुरे. पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर नेमका आकडा भिंतीवर लावू नका. आमच्याकडून एकदा चूक झाली. नकाशावर एक लाल ठिपका लावला आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या चाळीला ते घर कळलं. त्या घरातल्या मुलीला शेजारच्यांनी आठवडाभर खेळायला घेतलं नाही. आम्ही जाऊन माफी मागितली, पण त्या मुलीचे ते दिवस परत आले नाहीत. अळ्या सापडलेल्या घरांची यादीही कुणाला देऊ नका. पालिका नोटिसा देते, आणि एकदा नोटीस आली की पुढच्या वेळी दार उघडत नाही. यादी भांड्यांची द्या: "या चार गल्ल्यांत अळ्या असलेल्या भांड्यांत बहुतेक पिंपं, झाकणं सैल."

वॉर्डात काय घेऊन जायचं

एक पान. वर नकाशा गल्लीच्या पातळीवर, मध्ये एक आलेख, खाली नेमकी मागणी. "दुर्लक्ष होत आहे" असं लिहू नका. "अमुक गल्लीत गुरुवारी अळीनाशक फवारणी, अमुक टाकीला झाकण" असं लिहा. तक्रार पालिकेच्या १९१६ या मदतक्रमांकावर नोंदवा आणि क्रमांक तक्त्यात भरा; काम कधी झालं तेही भरा.

नंतर उपयोग झाला का, हे प्रामाणिकपणे तपासा. थंडी पडली की डेंग्यू आपसूक कमी होतो, त्याचं श्रेय घेऊ नका. दोन सारख्या गल्ल्या निवडा, एकीत आधी आणि दुसरीत तीन आठवड्यांनी काम करा, आणि दोन्हीकडचा घर निर्देशांक त्याच दिवशी मोजा. फरक पडला नाही तर तेही लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या गटाला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

पाहणी डिसेंबरात थांबवू नका, मेमध्ये तर नक्की करा. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात. पहिला पाऊस आला, पिंप काठोकाठ भरलं की ती उबतात. म्हणून आमच्या वहीतली वर्षाची पहिली नोंद पावसाची नसते. मेच्या शेवटच्या रविवारी किती पिंपं रिकामी करून काथ्याने आतून, विशेषतः वरच्या हातभर भागात, घासली गेली, ती संख्या आम्ही पहिल्या ओळीत लिहितो.